आढ्याचे पाणी वळचणीला; वळचणीचे कोठे?

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्याच्या निमित्ताने ग्रामस्थांपुढे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची नजर प्रथम कळसाकडे जाते, आणि ते साहजिकच आहे. परंतु जुन्या पाथरवटांच्या कामाची पारख करणारा जाणकार आधी गोमुखापाशी जाऊन उभा राहतो. शिवालयात पिंडीवर घातलेले पाणी शाळुंकेच्या पन्हळीतून वाहते, गाभाऱ्याच्या भिंतीतून गोमुखावाटे बाहेर पडते आणि कुंडात किंवा पाटात जाते. ही वाट इतकी ठाम ठरलेली असते की प्रदक्षिणा घालणारा भाविकसुद्धा ती ओलांडत नाही. तेथून मागे वळतो. देवाच्या माथ्यावर घातलेल्या तांब्याभर पाण्याने कोठून जावे, कोठे पोचावे, हे बांधणाऱ्याने पाया घालतानाच ठरवलेले असते.

आता घराच्या माथ्यावर चार महिने पडणारे पाणी कोठे जाते, हे घरधन्याला विचारावे. दहांपैकी नऊ ठिकाणी उत्तर मिळेल, "पाइप लावला आहे ना!" पाइप लावला आहे हे खरेच. तो भिंतीवरून खाली उतरतो आणि जमिनीत शिरतो, हेही सर्वांना दिसते. पण पुढे काय? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. विषय किरकोळ वाटेल. पण गावठाणातल्या कितीतरी घरांची सुखाची झोप त्यावर अवलंबून आहे.

पूर्वी हा प्रश्न विचारण्याची गरजच नव्हती. कौलारू घराचे पाणी आढ्यापासून वळचणीला येई आणि वळचणीवरून पागोळ्या होऊन अंगणात पडे. 'आढ्याचे पाणी वळचणीला' ही म्हण त्यातूनच आली. पावसाळा संपला की अंगणाच्या मातीत पागोळीने पाडलेल्या बारीक खळग्यांची एक सरळ रेघ राही. त्या रेघेवरून कोणाचे पाणी कोणाच्या हद्दीत पडते, हे लहान मुलालाही सांगता येई. घर बांधताना पागोळी आपल्याच जागेत पडेल इतकी जागा सोडण्याची रीत होती. ती जागा सोडली नाही तर भांडण होई, पण ते उजेडातले भांडण होते. पाणी दिसत होते.

अंगणातून ते पाणी आळीतल्या चरात, चरातून भाताच्या शेतात, शेतातून खारबांधाच्या उघाडीपाशी आणि ओहोटी लागली की खाडीत जाई. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मध्ये ही चिंचोळी पट्टी. डोंगराचे पाणी याच पट्टीतून खाडीकडे धावणार आणि खाडीचे पाणी दिवसातून दोनदा याच पट्टीकडे चढणार. या दोन पाण्यांच्या कात्रीत आगरी-कोळी समाजाने खाजणे राखली. चिखलमातीचा बांध घातला आणि त्यात लाकडी झडपांची उघाडी बसवली. भरतीचे पाणी बाहेरून रेटा देते, तेव्हा झडप मिटते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या भाराने झडप उघडते आणि साठलेले गोडे पाणी निघून जाते. बिनपगारी राखणदारच तो! बांधाला खांड पडली तर सगळा गाव टोपल्या घेऊन धावे, कारण खारे पाणी एकदा शेतात शिरले की पीक गेलेच म्हणून समजावे. खारजमिनीच्या या कामाचे महत्त्व ओळखून १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींचा स्वतंत्र कायदा झाला, आणि १९७९ साली महाराष्ट्राने आपला खारजमीन विकास कायदा केला.

मग शहर आले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. सखल खाजणात भराव पडून तेथे वसाहती उभ्या राहिल्या. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. जेथे खाजण होते तेथे रस्ते झाले. पण पाण्याचा स्वभाव कोणत्याही अधिसूचनेने बदलत नाही. डोंगराचे पाणी अजून खाडीकडेच येते आणि खाडी अजून दिवसातून दोनदा चढते. म्हणून नियोजनकर्त्यांनी नाल्यांच्या मुखाशी मोठे धारण तलाव ठेवले आणि खाडीच्या तोंडाशी झडपा बसवल्या. ही पद्धत हॉलंडची, असे सांगण्याचा प्रघात आहे, आणि समुद्रसपाटीहून खाली राहणाऱ्या त्या देशाने हे शास्त्र पुष्कळ वाढवले यात शंका नाही. परंतु भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी झडप म्हणजे उघाडीच, हे गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला तलावाच्या काठावर उभे केले तर तो लगेच सांगेल.

गावठाणातही बदल झाला. कौले उतरली, स्लॅब पडले, एकाचे तीन मजले झाले. अंगण घरात गेले. दोन घरांच्या मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच फट उरली. चारी बाजूंना पसरून पडणारी पागोळी चार इंची पाइपात शिरली आणि एका जागी, जोराने, जमिनीखाली उतरू लागली. त्यात काही ठिकाणी भोवतालच्या भरावाने रस्ते उंच झाले आणि गावठाण बशीसारखे खोलगट राहिले. पाणी वाढले, वाट अरुंद झाली, आणि मुख्य म्हणजे वाट दिसेनाशी झाली.

किती पाणी असते, याचा हिशेब घरातल्या शाळकरी मुलाकडूनही करून घेता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. गच्ची १०० चौरस मीटरची असेल आणि तासाभरात ५० मिलिमीटरची सर कोसळली, तर ५,००० लिटर पाणी झाले. दोनशे लिटरची २५ पिंपे! पाच माणसांच्या कुटुंबाला दर माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ६७५ लिटर पाणी लागते. म्हणजे कुटुंब आठवडाभरात मोरीत आणि संडासात सोडते तितके पाणी ही गच्ची एका तासात खाली सोडते. पावसाळ्याचा एकूण पाऊस अडीच हजार मिलिमीटर धरला तर हीच गच्ची अडीच लाख लिटर पाणी उतरवते. दहा हजार लिटरचे २५ टँकर एका घराच्या डोक्यावरून जातात आणि ते कोठे गेले हे घराला ठाऊक नसते.

ठाऊक नसल्याने काय होते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, गावठाणात एक तीन मजली घर आहे. गच्ची १०० मीटरची, चार कोपऱ्यांना चार पाइप. त्याच्या खालच्या अंगाला एक जुने कौलारू घर आहे आणि त्यात एक वृद्ध बाई एकटी राहते. दर पावसाळ्यात दोनतीन रात्री तिच्या मोरीतून घाण पाणी उलटे वर येते. ती उठते, पाटावर पाट रचून त्यावर धान्याचे डबे ठेवते आणि उजाडेपर्यंत खाटेवर पाय घेऊन बसते. सकाळी आळी जमते. कोणी म्हणते खाडी चढली, कोणी म्हणते गटार साफ झाले नाही, कोणी म्हणते म्हातारीचे घरच सखल, त्याला काय करणार? वरच्या घरचा कर्ता भला माणूस आहे. तो तिच्या घरातले पाणी स्वतः उपसून देतो. पण आपल्याच घराचे दोन पाइप सांडपाण्याच्या चेंबरात सोडलेले आहेत, हे त्याला माहीत नाही. घर बांधताना गवंड्याने जवळचे चेंबर पाहिले आणि पाइप त्यात वळवला. काम सोपे झाले, पैसे वाचले, आणि पाप म्हातारीच्या मोरीत गेले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. नवी मुंबईत पाण्याच्या वाटा दोन आहेत. मोरी-संडासाचे पाणी मलवाहिनीतून शुद्धीकरण केंद्राकडे जाते. पावसाचे पाणी पावसाळी गटारातून नाल्यात, नाल्यातून धारण तलावात आणि तेथून खाडीत जाते. मलवाहिनीचा व्यास आठवड्याचे पाणी आठवड्यात नेण्याच्या हिशेबाने ठरवलेला असतो. तिच्यात तासाभरात आठवड्याचे पाणी कोंबले तर ते पुढे सरकत नाही. जे तोंड सर्वांत सखल असेल तेथून वर येते. उलट चूकही घडते. संडासाचा पाइप पावसाळी गटाराला जोडला तर मैला न शुद्ध होता नाल्यातून तलावात आणि तलावातून खाडीत जातो. ज्या खाडीतली मासळी गावच्या ताटात येते, तीच ही खाडी.

तेव्हा वाट शोधावी कशी? त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. एक कोरडा दिवस, चार बादल्या, दोन माणसे आणि किराणा दुकानातली कपड्यांची नीळ एवढे साहित्य पुरते.

प्रथम गच्चीवर जावे. पाइपांची तोंडे किती आहेत ती मोजावी आणि त्यांना एक, दोन, तीन, चार असे आकडे द्यावेत. एक तांब्या पाणी गच्चीच्या मध्यावर ओतून गवंड्याने ढाळ कोणत्या तोंडाकडे दिला आहे ते पाहावे. कित्येकदा चार तोंडांपैकी एकच सगळे पाणी घेते आणि बाकीची शोभेला असतात. तोंडाशी पाने, कबुतरांची पिसे, पतंगाचा मांजा अडकला असेल तर काढावा.

मग खाली उतरून घराभोवतीची सर्व झाकणे शोधावीत. फरशीखाली बुजलेली असतील तीही. एका माणसाने खाली चेंबरापाशी उभे राहावे. झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवावे, लहान मुलांना लांब ठेवावे आणि कोणत्याही कारणाने आत उतरू नये वा कोणाला उतरवू नये. आतल्या विषारी वायूने माणूस क्षणात पडतो; शिवाय माणसाला संरक्षक साधनांविना मलवाहिनीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. जे पाहायचे ते वरून पाहावे.

आता वरच्या माणसाने पहिल्या तोंडात निळीचे गडद पाणी बादलीभर ओतावे आणि पाठोपाठ दोन बादल्या साधे पाणी. खालच्याने कान देऊन ऐकावे आणि डोळे उघडे ठेवावेत. निळे पाणी पावसाळी गटारात दिसले तर ठीक. सांडपाण्याच्या चेंबरात दिसले तर चूक सापडली. दहा मिनिटांत कोठेच दिसले नाही, तर पाइप जमिनीखाली फुटला आहे किंवा तसाच मातीत सोडला आहे. ते पाणी घराच्या पायात मुरते आहे. भिंतीच्या तळाशी पोपडे धरत असतील, फरशी खचत असेल, तर कारण येथेच शोधावे. एक पाइप झाला की तासाभराने दुसरा घ्यावा. घाई असेल तर दुसऱ्यासाठी कुंकवाचे पाणी वापरावे, म्हणजे रंगांचा घोळ होत नाही.

सर्व पाइप झाले की वहीच्या पानावर घराचा आराखडा काढावा, पाइपांचे आकडे घालावेत आणि बाणांनी वाटा दाखवाव्यात. ते पान घराच्या कागदपत्रांत ठेवावे. पुढे पाइप कोणी लावला हे कोणाला आठवणार नाही, कागद सांगेल.

चूक सापडली तर दुरुस्ती बहुधा फार मोठी नसते. सांडपाण्याच्या चेंबरात शिरणारा पाइप जमिनीच्या वरच कापायचा, एक कोपरा जोडायचा आणि पावसाळी गटारापर्यंत ढाळ देऊन न्यायचा. वाटेत दुसऱ्याची जागा आली तर आधी विचारावे. १८८२ सालचा सुखाधिकारांचा कायदा, ज्याला कोर्टात ईझमेंट ॲक्ट म्हणतात, तो एवढे मान्य करतो की वरच्या जमिनीवर पडलेले पाणी आपसूक खालच्या जमिनीवर उतरत असेल तर खालच्याने ते उतरू द्यावे. परंतु गच्चीचे पाणी नळीत गोळा करून शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडले तर त्याला आपसूक कोण म्हणेल?

काहींच्या मनात येईल की गटाराची कटकट कशाला, शोषखड्डा करून पाणी जमिनीतच मुरवावे. विचार चांगला आहे, आणि डोंगराच्या अंगाला तो उपयोगी पडेल. पण खाडीलगतच्या भरावावर पावसाळ्यात हातभर खणले तरी पाणी लागते, आणि तेही मचूळ. भरलेल्या घागरीत आणखी पाणी काय मावणार? तेथे टाकी बांधून गच्चीचे पाणी साठवणे आणि ते धुण्या-पुसण्याला, झाडांना, संडासाला वापरणे अधिक शहाणपणाचे. टाकीचे जादा पाणी मात्र पावसाळी गटारातच गेले पाहिजे.

पाइपाची वाट घराच्या गटारापाशी संपत नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तरुण मंडळींनी गावच्या गटाराबरोबर चालत नाल्यापर्यंत आणि नाल्याबरोबर धारण तलावापर्यंत जावे. तलावांत वर्षानुवर्षे गाळ साठला आहे, तिवरे वाढली आहेत. तिवरांना कायद्याचे संरक्षण आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला राज्यभर मनाई केली. त्यामुळे गाळ काढण्याचे काम परवानगीशिवाय होत नाही. तिवरे खाडीचा किनारा धरून ठेवतात, मासळीची पिले जगवतात, हे कोळ्यांना सांगायला नको. पण तलावात जितका गाळ तितकी पाण्याला जागा कमी, हेही तितकेच खरे. म्हणून प्रत्येक घराने आपल्यापुरता तरी त्यात भर न घालण्याचा नेम करावा. बांधकामाची रेती, फुटक्या विटा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य गटारात टाकले की ते चालत चालत तलावातच पोचते.

शेवटी भरतीचा हिशेब. गावच्या जुन्या नाखव्यांना हा तोंडपाठ असे. अमावास्या-पौर्णिमेपासून गेलेले दिवस मोजावेत आणि त्यांना पाऊण तासाने गुणावे. बाराच्या पुढे तितक्या वेळाने भरती, दिवसाही आणि रात्रीही. हिशेब ढोबळ आहे, पण कामाचा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि अष्टमीच्या सुमाराला भांग. २६ जुलै २००५ चा दिवस कोण विसरेल? सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पौर्णिमा २१ जुलैला होऊन गेली होती. पाच दिवसांचे पाच पाऊण तास, म्हणजे पावणेचार. आणि त्या दुपारची भरती चारच्या सुमारासच होती. ऐन पावसाच्या वेळी खाडी चढलेली. उदाहरणातल्या १०० मीटरच्या गच्चीवर तितका पाऊस पडला असता तर एका दिवसात ९४,४०० लिटर पाणी उतरले असते. अशा दिवशी झडपा मिटलेल्या असतात आणि तलावाला काही तास सगळ्या शहराचे पाणी पोटात धरावे लागते. तेव्हा पंचांगात तिथी पाहताना भरतीचीही वेळ पाहावी. उधाणाच्या दिवसांत मोठा पाऊस लागला तर सखल घरांतील धान्य, औषधे, कागदपत्रे आधीच वर ठेवावीत आणि एकट्यादुकट्या वृद्धांच्या दारी कोणीतरी जाऊन यावे.

आता पुन्हा त्या दोन घरांकडे वळू. वरच्या घरच्या मुलांनी मे महिन्याच्या एका सकाळी गच्चीवरून नीळ ओतली आणि खाली चेंबरात निळे पाणी आले, असे समजा. कर्ता पुरुष क्षणभर गप्प राहील. मग तो प्लंबरला बोलावील आणि पाइप वळवून घेईल. पावसात म्हातारी एका रात्री दचकून उठेल, मोरीकडे दिवा नेऊन पाहील, आणि मोरी कोरडी पाहून पुन्हा निजेल. तिला कोणी काही सांगितले नाही तरी चालेल.

ही सुरुवात कोणाच्या घरापासून व्हावी, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर सोपे आहे: देवळापासून. नव्या सभामंडपाचे छप्पर गावातल्या कोणत्याही गच्चीहून मोठे असेल, तर त्याचे पाणीही तितकेच जास्त. विश्वस्तांनी येत्या पावसाआधी त्याचे पाइप निळीने तपासावेत आणि वाटांचा आराखडा रंगवून सभामंडपात लावावा. गाभाऱ्यातल्या पाण्याची वाट जुन्या माणसांनी गोमुखाने दाखवून दिली. छपरावरच्या पाण्याची वाट या पिढीने दाखवून द्यावी. गावातल्या माणसांनी ती पाहावी, घरी जावे आणि आपल्या पाइपाच्या तोंडाशी बादली घेऊन उभे राहावे. इतके झाले तरी या सोहळ्याचे चीज झाले असे म्हणता येईल.

इति शम्।